सातारा, असं टाईप करा

“यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि ठेवलाच, तर तो माणूस कुपवाडचा नव्हे,” असं म्हणून भाऊसोंनी टपरीवरच्या चहाची बशी तोंडाला लावली आणि गोष्ट सुरू केली.

लालासाहेबांच्या इथल्या पंपाच्या कारखान्यात अक्षताचं सहा वर्षांचं काम एका सकाळी कंप्युटरातून नाहीसं झालं. ते परत आणायला तिनं खुद्द मालकाला कामाला लावलं, त्याची ही गोष्ट.

साल शहाण्णव. साताऱ्याचा एक छोटा कारखाना लालासाहेबांनी विकत घेतला. लेथ आले, माणसं आली, त्यांतच अक्षता आली. पंपाची ड्रॉइंगं काढणाऱ्या चौघांची म्होरकी. कुठल्या पंपाला कुठं वळण, हे तिनं डोळे मिटून सांगावं. सगळी ड्रॉइंगं कंप्युटरच्या टेपांवर भरून ट्रॅक्स जीपमधून आणली. टेपा हाताएवढ्या, पण आत काम एवढं, की कऱ्हाडच्या पुलावर ट्रॅक्सची मागली चाकं बसली. आणि कंप्युटरची खोली? इतकी गार की चहा कपात गोठायचा. माणसं चमच्यानं खायची.

कंप्युटर सांभाळणारा धरणेंद्र, सांगलीचा शांत गडी. त्यानं टेपा मोठ्या कंप्युटरवर उतरवल्या. अक्षतानं आपलं नाव घालून आत पाहिलं, तर कप्पा नाही, ड्रॉइंग नाही, एक रेघसुद्धा नाही.

“वाटंत सांडलं असंल,” लालासाहेब म्हणाले. “नव्यानं काढ. जमत नसंल तर साताऱ्याची यष्टी स्टँडावर उभीच असतीया.”

“एक रेघबी काढणार न्हाई. माझी ड्रॉइंगं हितंच हायत.”

“दिसत्यात का तुला?”

“वारं तरी दिसतंय का? म्हणून तुमी पंखा लावायचा सोडलाय व्हय?”

लालासाहेब पाय आपटत गेले. अक्षतानं स्टूल ओढलं आणि धरणेंद्रासमोर ठाण मांडलं. “टेपा उतरवल्यावर आतली जागा भरली का मोकळीच हाय?”

धरणेंद्रानं बघितलं. जागा गच्च भरली होती.

“मग हाय की आत! आमच्याच डोळ्यावर पट्टी का?”

धरणेंद्रानं दुपारपर्यंत खालीवर उकरलं आणि कपाळाला हात लावला. “ताई, आपला कंप्युटर म्हंजे कडक सासू. ज्याला हात लावायचा हक्क न्हाई, त्याला फडताळात डबा हाय एवढंबी ती कळू देत न्हाई. तुमच्या कप्प्यांचे हक्क हायत ‘सातारा’ गटाला. आन त्या गटात आता माणूसच न्हाई.”

माणूस राहील कसा? साताऱ्याची मंडळी आली त्याच दिवशी लालासाहेबांनी सगळ्यांना भडंग चारलं होतं आणि जाहीर केलं होतं, “आजपासनं हितं सातारकर कोन न्हाई. समदे सांगलीकर!” सगळ्यात वरचा पासवर्ड त्यांच्याच खिशात. धरणेंद्राला नुसतं बघता यायचं, बदलता यायचं नाही. मालकांनी स्वतः खुर्चीत बसून एकेकाला ‘सातारा’तून उचललं आणि ‘सांगली’त टाकलं. माणसं सांगलीकर झाली. ड्रॉइंगं मात्र सातारकरच राहिली, आणि परक्याला ओळख देईनात.

लालासाहेबांना बोलावलं. “मग द्या सांगली गटाला हक्क,” ते म्हणाले. “मिटलं.”

“न्हाई मिटलं,” अक्षता म्हणाली. “मग रंगारी काय, पॅकिंगवाला काय, समदं गाव माझ्या ड्रॉइंगात हात घालणार. एक भोक सूतभर सरकलं तर तुमचा पंप पाणी न्हाई, शिव्या उपसंल. आमी चौघांनी काढलंय, आमालाच द्या. आन आमच्या गटाचं नाव तेच ऱ्हाईल.”

“घरी बसवीन!”

“बसवा की. भाईर आटपाडीचं गिऱ्हाईक ड्रॉइंगासाठी खोळंबलंय. त्याला तुमी काढून द्या.”

लालासाहेबांनी दाराकडं पाहिलं. धरणेंद्राकडं पाहिलं. धरणेंद्र छताकडं बघत होता. शेवटी मालक खुर्चीत बसले, पासवर्ड घातला आणि गुरगुरले, “काय लिवू?”

“सातारा, असं टाईप करा. मग त्याच्यात माझं नाव. मग बाकीच्या तिघांचं.”

एकेका अक्षराला लालासाहेबांना असा घाम फुटला, आणि खोलीत गारठा असा, की कपाळावरून थेंब निघायचा आणि टेबलावर गोठून गारेसारखा पडायचा. टप, टप! चौथं नाव झालं. अक्षतानं पुन्हा आत जाऊन बघितलं, तर कप्प्याखाली कप्पा, कप्प्याखाली कप्पा! इतकी ड्रॉइंगं एकदम वर आली की तिकडं मिरजेत दिवे बारीक झाले.

“आणि मग, मंडळी,” भाऊसोंनी आवाज खाली आणला, “लालासाहेब उठले. सगळ्यांदेखत हात जोडले आणि म्हणाले, ‘अक्षताताई, माझं चुकलं.’”

“खोटं!” मागच्या बाकावरून एकजण ताडकन उठला. गुंडा त्याचं नाव, लालासाहेबांचा ड्रायव्हर. “आवं भाऊसो, घाम गोठू द्या, दिवे बारीक होऊ द्या, पर ह्ये न्हाई! मी दारातच हुतो. मालक कशाला चुकलो म्हणत्यात? त्ये नुसतं तोंड उघडाय लागलं हुतं, तर ताईच म्हणाल्या, ‘माफीबिफी ऱ्हाऊ द्या. खुर्ची सोडा, मला काम हाय!’”