गच्चीला न टेकणारे बोंबील

लिफ्टशेजारच्या फळ्यावरून उपटलेली नोटीस गोजराबाईंनी चिकटपट्टीसकट वैजयंतीबाईंच्या हातात ठेवली.

“वाचा नं, बाई. सकालधरनं सगले माजेकडं बगून हासतान. काय लिवलंय?”

इंग्रजीची एकच ओळ होती. ‘ड्रायिंग ऑफ फिश ऑन द टेरेस इज स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड.’ खाली सेक्रेटरी सुभाष यांची सही. एरवी सोसायटीची नोटीस हाती आली की हायस्कुलात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या वैजयंतीबाई आधी लाल पेन शोधायच्या. आज त्यांनी नुसताच चष्मा सारखा केला.

“गच्चीवर मासे सुकवायला बंदी.”

गोजराबाई खुर्चीत बसल्या. ऐरोलीतली ही इमारत ज्या जमिनीवर उभी होती, तिथे त्यांनी लग्न होऊन आल्यावर भात लावला होता. शेत गेलं, मग घराचं अंगणही गेलं. उन्हाळ्यात बोंबील सुकवायला गच्ची तेवढी उरली होती. पावसाळ्याची बेगमी तिथंच व्हायची, स्वतःची आणि दोन्ही लेकींची.

“यातला मासा कोनता?”

“फिश.”

“आन् गच्ची?”

“टेरेस.”

“मंग ह्यो मंधला बारका?”

“ऑन. म्हणजे वर.” बाईंमधली शिक्षिका जागी झाली. “पुस्तक टेबलावर, तिथे ऑन. चित्र भिंतीवर, तिथेही ऑन. फोनवर बोलणं, रजेवर असणं, सोमवारी येणं, सगळीकडे ऑनच.”

“येवरासा शबुद, आन् येवरी कामं? मंजे घरातली सूनच.” गोजराबाई विचारात पडल्या. “पन चित्र भितीचे वर कंय असते? ते तं लटाकते.”

“हो, पण भिंतीला टेकलेलं असतं ना! टेकलं की ऑन.”

गोजराबाई हळूहळू ताठ झाल्या.

“माजे बोंबील दोरीवं हान. गच्चीला कंय टेकतान?”

बाईंनी चूक दाखवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

“रविवारचे मीटिंगला तुमीच सांगा. माजं कोन ऐकते? बाईंचं ऐकतील.”

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं, की बोंबील दोरीवर असतात, गच्चीला टेकत नाहीत.

“मॅडम, असं कसं?” सुभाष हसले. “गच्चीवर क्रिकेट बंद म्हटलं, तर मुलं उड्या मारत खेळतील का?”

सगळे हसले. सुभाष म्हणत होते ते बरोबर होतं. सातवीतल्या मुलालाही कळलं असतं. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बत्तीस वर्षांत त्यांनी कधी चुकीचं शिकवलं नव्हतं.

“सुभाष,” त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “‘ऑन’ला स्पर्श लागतो.”

सुभाष नकळत उभे राहिले.

“पण मॅडम, वाक्य माझं नाहीच. तक्रारपेटीत निनावी चिठ्ठी आली, तिच्यातलं जसंच्या तसं उतरवलं. काय सुंदर इंग्रजी आहे, बघा तरी!”

त्यांनी फाइलमधून चिठ्ठी काढली. शाईच्या पेनानं लिहिलेलं तिरपं, रेखीव अक्षर. मागच्या मंगळवारी सगळ्या खिडक्या लावून, नाकाला पदर धरून वैजयंतीबाईंनीच ती लिहिली होती.

त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा पूर्ण वाचली.

“लिहिणाऱ्याचं प्रीपोझिशन कच्चं आहे,” त्या म्हणाल्या, आणि कागदाची घडी करून त्यांनी पर्समध्ये टाकली.

नोटीस मागं घेतली गेली. पुढचा विषय पाण्याच्या टँकरचा होता.

वर जाताना लिफ्टमध्ये दोघीच होत्या. गोजराबाईंची नजर बाईंच्या पर्सवर होती.

“बाई, ती चिट्टी लिवनारी कंय भेटली, तं सांगा तिला,” त्या म्हणाल्या. “उद्याधरनं दोरी पार पल्याडचे टोकाला बांधते. वारा खाडीकडं जाते तिथनं.”

वैजयंतीबाई मजल्यांचे बदलणारे आकडे बघत राहिल्या.

“सांगते,” त्या म्हणाल्या.