कप्तानाच्या कोटाची बटणं

माझ्या मोठ्या भावाने आयुष्याची अकरा वर्षं काही बटणांवर घालवली, आणि त्याला कारण मी.

तेव्हा एक तीन भागांचा अंतराळयानाचा सिनेमा टीव्हीवर लागला होता. दादाने चित्र थांबवून मला हाक मारली. "तू शिवणकाम करतेस ना? मग सांग, कप्तानाच्या कोटाची बटणं दोन भागांत उजवीकडे आणि तिसऱ्यात डावीकडे कशी?" माझं दूध गॅसवर. "डावीकडे बायकांच्या कोटाला असतात," असं म्हणून मी पळाले. परत येईस्तोवर दादाचा सिद्धांत तयार होता. तिसऱ्या भागातला कप्तान हा कप्तान नव्हेच, वेश पालटलेली त्याची जुळी बहीण आहे!

तेव्हापासून दर शुक्रवारी, शिलाईची मशीन बंद झाली की माझ्या दुकानात दादा आणि त्या सिनेमाच्या वेड्या मंडळींचा अड्डा. दाताचे डॉक्टर दादाचे पक्के विरोधक. "अहो, फिल्म उलटी छापली गेलीय, बाकी काही नाही."

"मग मागच्या भिंतीवरचे आकडे सरळ कसे?" दादा टेबलावर थाप मारायचा. माझ्या टाचण्या उडायच्या आणि मी दोघांनाही झापायची.

पण मनातून मला बरं वाटे. दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जुने नकाशे सांभाळतो. तिथे त्याला कुणी विचारत नाही, घरात पडद्याचा रंगसुद्धा वहिनी ठरवते. इथे मात्र लोक त्याचं ऐकायला खुर्च्या पुढे ओढतात. यंदा तर चाहत्यांच्या वार्षिक मेळाव्यात, दोनशे माणसांपुढे बोलायचं आमंत्रण आलं होतं. स्वारी जमिनीवर नव्हती.

मेळाव्याच्या आदल्या शुक्रवारी एक मावशी स्कर्टची चेन बदलायला आल्या. वय सत्तरीचं, अंगाने भरदार. मी हाताने चेन बसवेपर्यंत त्या कोपऱ्यात बसून सगळा वाद ऐकत होत्या. मंडळी गेल्यावर हळूच म्हणाल्या, "तुमच्या भावाला सांगू नका हं, पण जुळी बहीण वगैरे काही नाही. त्या सिनेमाच्या कपडेपटात मीच होते. कप्तानाचा लोकरी कोट मी गरम पाण्यात घातला. बाहुलीला बसेल एवढा झाला! दोन तासांवर शूटिंग. मग राखाडी रंगाचा एक बायकी कोट घेतला, खांद्यावर पट्ट्या लावल्या आणि दिला पाठवून."

"बटणं तरी बदलायची!"

"बटणं हलवता येतात हो, काजांचं काय करणार? तुम्हाला मी सांगायला हवं का?"

खरंच होतं. एकदा कापलेलं काज जागचं हलत नाही. हे अकरा वर्षांत मला सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले. कळलं तर नोकरी जाईल या भीतीने त्या तेव्हा बोलल्या नाहीत, आणि पुढे कुणी विचारलंच नाही.

मी सांगावं की नाही? गप्प राहिले असते तर दादाचा रविवारचा मेळावा झोकात झाला असता. पण दोनशे माणसांपुढे त्याने खोटं बोलायचं आणि मी टाळ्या वाजवायच्या, हे मला जमेना. सांगून टाकलं. दादाचा चेहरा एवढासा झाला. "डॉक्टर मला जगू देणार नाहीत," एवढंच म्हणाला आणि जेवणाला नाही म्हणाला. मला स्वतःचा भयंकर राग आला.

शनिवारी सकाळी तो मावशींचा पत्ता विचारायला आला.

रविवारी मंचावर दादा उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "अकरा वर्षं माझं चुकत होतं. डॉक्टरांचंही चुकत होतं." सभागृह हसलं. डॉक्टर सगळ्यात मोठ्याने हसले. "कारण ज्यांना ठाऊक होतं त्यांचं नाव पडद्यावर कधी आलंच नाही. मावशी, या."

मावशींनी गरम पाण्याची गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसत होते. मग दादाने विचारलं, "पण दोन तासांत तो कोट मिळाला कुठे?"

मावशी म्हणाल्या, "मिळाला कुठला? अंगातला काढून दिला. मग तो हिवाळा दोन स्वेटरांवर काढला. पण पडद्यावर काय उठून दिसायचा हो! सात वेळा बघून आले."

डॉक्टर उठून उभे राहिले, मग सगळेच उठले, आणि टाळ्या थांबेनात. मी भर सभेत रडले.

नंतर मावशींभोवती ही गर्दी. दादा मात्र कुठे दिसेना. शोधलं तर गर्दीच्या अगदी मधोमध, मावशींच्या खुर्चीला टेकून उभा, येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "तिसऱ्या भागात बेचाळिसाव्या मिनिटाला नीट बघा. कप्तान दारातून आत येतो ना, तेव्हा यांचा कोट अख्खा दिसतो."