कोपरा फाटलेलं पाकीट

शकुबाईला इंग्रजीतला एकच शब्द नीट ठाऊक होता, पोस्ट. मूल गावाहून जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर चेकपोस्ट होतं, त्याला लागून तिची चहाची टपरी. पोरगी सीता मॅट्रिक झालेली. चंद्रपूरच्या एका कचेरीतल्या पोस्टसाठी तिने अर्ज केला होता, आणि मुलाखतीचा कागद येणार होता तोही पोस्टानेच.

"मा, हा एक शब्द नाई, दोन आहेत," सीता सांगायची. वामनराव गुरुजींच्या जाड डिक्शनरीत तिने पाहिलं होतं. "खांबाले म्हणतेत तो पोस्ट येगळा. नाक्याचा, नोकरीचा अन् टपालाचा एका पोटचे. त्यायचं मूळ म्हणजे 'ठेवलेलं'. पह्यले रस्त्यात जागोजागी घोडेस्वार ठेवत, डाक न्यायले."

"मंग इथी लटारू कोनं ठेवला व? घोड्याच्या जागी म्हैस!"

लटारू चेकपोस्टवरचा नाकेदार. पोस्टमन आठवड्यातून एकदा यायचा आणि सगळ्या वस्तीची पत्रं त्याच्याकडे टाकून सायकल वळवायचा.

चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत एका दुपारी लटारूने तिच्या हाती पाकीट दिलं. कोपरा फाटलेला. शकुबाईने किटली खाली ठेवली. त्या काळी मयताची खबर असली की पत्राचा कोपरा फाडून धाडत. असं पत्र बाहेरच वाचून फाडायचं, घरात न्यायचं नाही. सिरोंच्याला तिचा भाऊ देवाजी दोन महिने अंथरुणाला खिळला होता. दुसरं कोण असणार?

सीतेची टायपिंगची परीक्षा आठ दिवसांवर, आणि मामावर पोरीचा जीव. शकुबाईला अक्षर येत नव्हतं. कुणाकडून वाचून घेतलं असतं तर पोरीच्या कानावर गेलंच असतं. तिने पाकीट टपरीच्या छपरात खोचलं आणि आठ दिवस गिऱ्हाइकांना चहा देत भावासाठी रडली. कुणी विचारलं तर म्हणायची, धूर लागला.

परीक्षा देऊन सीता बसमधून उतरली, तशी शकुबाईने तिला रस्त्याच्या कडेलाच बसवलं.

"सीते, मन घट्ट कर. तुया मामा गेला."

सीतेने पाकीट उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"मामा नाई, मा. मुलाखत होती. परवा झाली."

कोपऱ्याचं विचारल्यावर लटारू सहज म्हणाला, "दातात सुपारी अडकली होती, बाई. कोरायले हाताशी तेच होतं, फाडला कोपरा. काऊन? आतला कागद तं साबूत आहे ना?"

कचेरीत सीता दोनदा जाऊन आली. जागा भरली होती.

उन्हाळ्यात देवाजी स्वतः आला, ठणठणीत. चहाचे दोन कप प्याला. "बाई, तू काऊन अशी पाहून राह्यली?" त्याने हसत विचारलं.

सीता मागे कपबश्या विसळत होती. ज्याच्यासाठी आठ दिवस रडली तो भाऊ समोर जिता बसला होता, आणि शकुबाईला काही केल्या आनंद होईना.