सावरीचा बेस

"उचल ना भाऊ, एक हातवरी उचल!" झुलाल मिस्त्री म्हणाला. देवचंदने बेस गिटार उचलली आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. काय हलकी झाली होती!

गिटारची जुनी बॉडी शिसवीची. दिसायला राजबिंडी, पण मेली इतकी जड, की वीस वर्षं गळ्यात अडकवून देवचंदचा डावा खांदा पार कामातून गेला. बायको केसरबाई शेक देता देता कटकट करायची, "सांगून टाका ना एकदा शेठला." कसं सांगणार? तोतारामशेठच्या भीमगीतांच्या पार्टीत दुखण्याखुपण्याला जागाच नव्हती. ढोलकीवाल्या वनाचा हात थरथरला, तर त्याला भर कार्यक्रमात स्टेजवरून उतरवलं होतं. म्हणून देवचंदने गुपचूप अमळनेर गाठलं. झुलालने सावरीच्या लाकडाची बॉडी कोरली, मऊ लाकडात स्क्रू टिकावेत म्हणून सागाचा तुकडा बसवला, जुनी दांडी आणि तारा चढवल्या, वर तोच काळा रंग. ओळखतो कोण? खोट एकच राहिली. बॉडी फारच हलकी, त्यामुळे डावा हात सोडला की दांडी खाली झुकायची. पण बेस वाजवणारा डावा हात सोडतो कशाला?

धुळ्याच्या कार्यक्रमाआधी मात्र देवचंदनेच घोळ घातला. आनंदाच्या भरात त्याने गिटार एका हाताने सूप उचलावं तशी उचलली. शेठने नेमकं पाहिलं.

"आण इकडे." शेठने गिटार हातात तोलली. "हाई काय शे रे? भोपळा? खांदा गया म्हन ना तुना!"

सगळी पार्टी हसली. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेली माणसं, पण हसली.

"शेठ, आवाज तोच शे," देवचंद काकुळतीला आला. "आवाज तारांचा. लाकडाचं नुसतं वजन."

"बेस कीबोर्डवाला वाजवेल. गिटार पार्टीची आहे, पार्टीतच राहील." शेठने नव्या गायिकेला हाक मारली. "प्रज्ञा, ही घाल गळ्यात. वाजवायची नाही, नुसतं नाचायचं. बघ, तुझ्यासाठीच केल्यासारखी हलकी आहे." मग देवचंदकडे वळून म्हणाला, "तू टेम्पोतले बॉक्स उतरव. खांदा मोकळा होईल."

प्रज्ञा गोरीमोरी झाली. "काका, मी नाही घेत."

"घे बेटा, तुझी काय चूक?" देवचंदने स्वतःच पट्टा तिच्या गळ्यात घातला, मापाचा केला. "फक्त डावा हात सोडू नको. दांडीनी मुंडी खाले जास."

कार्यक्रम रंगला. बॉक्स वाहून देवचंदचा खांदा जळत होता, तरी तो स्टेजखाली उभाच राहिला. टाळ्यांचं गाणं आलं आणि प्रज्ञाने दोन्ही हात डोक्यावर नेले. दांडी झपकन खाली गेली. लोक टाळ्याच वाजवत होते.

खाली अंधारात देवचंदचा डावा हात दांडी सावरायला आपोआप उठला. छातीपर्यंत आला. त्याच्या वर काही जाईना.