लाल खुणेच्या पुढे

तिला सगळे वारेवाली म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. त्या भल्यामोठ्या बोगद्यात वारा सोडायचा तो तिनंच. आत दांड्यावर टेबलाएवढं विमानाचं मॉडेल बसवलेलं असे. ते जागचं हलत नाही, वाराच त्याच्या अंगावर धावून जातो. वाऱ्यात पंख मोडला की समजायचं, खरं विमानही तेवढ्या वेगाला आकाशात मोडणार. आणि ते खरं विमान पुढच्या आठवड्यात तिची एकुलती एक लेक पहिल्यांदा उडवणार होती. विमानाचा आराखडा जावयाचा. म्हणजे प्रकरण घरचंच, आणि घरच्या प्रकरणात बोलायची चोरी.

वेगाचा काटा लाल खुणेला, म्हणजे चाचणीसाठी ठरलेल्या वेगाला, टेकला. पंख टिकला. जावयानं हुश्श केलं, चाचणी पास, आता वारा बंद करा म्हणाला. वारेवालीची नजर मात्र काचेपलीकडे पंखाच्या टोकावर होती. टोक हुडहुडी भरल्यागत थरथरत होतं. खाली सूर मारताना कुठलंही विमान खुणेच्या पुढे जातंच, हे लेकीनंच तिला एकदा हसत हसत सांगितलं होतं. तिनं वेगाची मूठ पुढे ढकलली.

जावयानं तिचं मनगट धरलं. इतकी वर्षं ज्याला जावईबापू म्हणून डोक्यावर बसवलं, त्याच्या हाताला ती कडकडून चावली. त्यानं तिला टेबलावर आदळलं, भुवई फुटली. तिनं खुर्ची उचलून त्याच्या गुडघ्यावर घातली आणि तो कोसळताच मूठ पार शेवटपर्यंत रेटली.

पंख दोनदा फडफडला आणि मुळासकट उखडला. धाडकन मागच्या, वारा ओढणाऱ्या पंख्यात गेला. पाती फुटली, तुकडे काचेवर आदळले, काच तडकली. सगळं थांबलं तेव्हा जळक्या वासानं डोळे चुरचुरत होते.

"मेल्या, यात माझ्या पोरीला बसवणार होतास?"

जावई गुडघा धरून रडत होता. "तिला माहीत आहे, आई. खुणेवरच थांबव, हे तीच म्हणाली. पंख मोडला तर विमानच बंद करतील म्हणाली. मी पाय धरले तिचे."

वारेवालीला हे खोटं वाटेना. आपल्या पोटचा हट्ट तिला ठाऊक होता.

आवाज ऐकून लेक धावत आली. आईचं रक्त पाहिलं, नवऱ्याचा गुडघा पाहिला, आणि सरळ काचेशी गेली.

"कपाटात दुसरं मॉडेल आहे," ती म्हणाली. "पंखा दुरुस्त करू, पुन्हा चाचणी घेऊ. आई, तू सुट्टीवर जा."

वारेवालीनं भिंतीवरचा मोठा पाना उतरवला. ती दुसरं मॉडेल फोडणार असं वाटून लेक हात पसरून कपाटापुढे उभी राहिली. आईनं पाना तिच्या उजव्या मनगटावर घातला, आणि ती ओरडत असतानाच पुन्हा एकदा घातला.

मग पाना टाकून तिनं लेकीला पोटाशी घट्ट धरलं. लेक लाथा मारत होती, शिव्या देत होती.

"हात जुळतो गं," वारेवाली म्हणत राहिली. "हात जुळतो."