पहिल्या वर्षाचा केक

माझा बाप टीव्हीवर अख्ख्या अमेरिकेचा आदर्श बाप होता. घरी तो बाथरूमच्या फरशीवर सापडायचा. शाळेत, शेजाऱ्यांना, फोटोवाल्यांना 'डॅडला फ्लू झालाय' असं सांगून पांघरूण घालायचं काम माझं. लॉस एंजेलिसमध्ये इतका फ्लू दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

आमच्याकडे दारू सोडणाऱ्यांच्या सभेत न पिता वर्ष पूर्ण झालं, की घरचं माणूस केक घेऊन उभं राहतं आणि दोन शब्द बोलतं. मध्ये एक घोट जरी घेतला, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. डॅडचा केक माझ्या मांडीवर होता. आणि रविवारीच गॅरेजमध्ये गुळण्या करायच्या औषधाच्या बाटलीतून मला व्होडकाचा वास आला होता.

"एकदाच घसरलो, कोरा," गाडी चालवताना तो म्हणाला. "मागच्या रांगेत निर्माता बसणारेय. हा केक त्यानं पाहिला की नवी मालिका माझी. तू फक्त गोड हस."

"आणि शूटिंगला पुन्हा फ्लू?"

"अगदी आईवर गेलीस. तोंड आवर जरा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चर्चचं तळघर गच्च भरलं होतं. मी केकवरची मेणबत्ती लावून पुढे गेले.

"मी कोरा. याची मुलगी."

"हॅलो, कोरा," सगळे म्हणाले. डॅड टीव्हीवरचं ते प्रेमळ हसू हसत होता. तेच हसू बघून माझं डोकं फिरलं. मीच फुंकर मारून मेणबत्ती विझवली.

"हा रविवारी प्यायलाय. आता मला खोटं बोलायला सांगू नका."

डॅडचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं, हळूच उठला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एका डोळ्यात आधी, मग दुसऱ्यात. मालिकेत यायचं तसंच.

"मी रसेल. मी दारुडा आहे. आज माझा पहिला दिवस."

केकला पडल्या नसत्या इतक्या टाळ्या पडल्या. लोक मिठ्या मारायला रांगेत उभे राहिले. निर्माता डोळे पुसत होता. मी केक धरून तशीच उभी होते. मला कुणी विचारलंही नाही.

गर्दीतून वाट काढत डॅड माझ्या कानाशी आला.

"पोरी, हे तर जास्तच छान जमलं."

"यापुढे मी तुझ्यासाठी कुठेही उभी राहणार नाही," मी म्हणाले.

त्याला ते ऐकू गेलं नाही. पुढचा माणूस त्याला मिठी मारत होता.