शहाणीचा श्वास

कानसेनने मावशींचा श्वास कापला आणि बाजूला ठेवला. मग पुढचं वाक्य लावलं. 'मी इथेच आहे, जिन्यावर,' असं बाहुली म्हणत होती, आणि 'जिन्यावर'च्या आधी मावशींनी पुन्हा दम घेतला होता. अगदी पुसट, उशीवर राहून गेलेल्या केसासारखा. संगणकाच्या पडद्यावरच्या आवाजाच्या लहरींतून त्याने तेवढाच फुगवटा निवडला, उचलला आणि खालच्या ट्रॅकवर सोडून दिला. तिथे तसलेच कितीतरी फुगवटे ओळीने पडून होते. कापलेलं टाकून द्यायला त्याचा जीव होत नसे. उद्या एखादा तुकडा परत जोडावा लागला तर पंचाईत नको, म्हणून सगळी कातरणं तो एका वेगळ्या ट्रॅकवर ठेवी आणि त्या ट्रॅकचा आवाज बंद करून टाकी.

त्याला खरं नाव होतं, पण इमारतीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी रेकॉर्डिंग थांबवणारा माणूस, म्हणून तो कानसेन. तळघरातली त्याची खोली म्हणजे भिंतींना जाड रजया ठोकलेली एक पेटीच होती. काचेपलीकडे माईक, मुद्दाम शोधून आणलेली न करकरणारी खुर्ची आणि पाण्याचा पेला. बोलायला बसणाऱ्याने घड्याळ काढून ठेवायचं, सुती कपडे घालून यायचं आणि पोटात दोन घास असू द्यायचे, कारण रिकामं पोट मध्येच बोलतं आणि माईकला तेही कळतं.

सध्या काम चाललं होतं ते मुलांच्या भयकथेचं ऑडिओबुक. त्यात 'शहाणी' नावाची बाहुली होती. ठेवाल तिथे शहाण्यासारखी बसून राहते, म्हणून घरातल्या मुलीने तिचं नाव शहाणी ठेवलेलं. फक्त दर प्रकरणात ती आधीपेक्षा थोडी जवळ बसलेली सापडे. आधी माळ्यावर, मग जिन्यावर, मग दाराशी. शेवटच्या प्रकरणात ती उशीशी येणार होती, आणि तेवढं एकच प्रकरण बोलायचं राहिलं होतं.

शहाणीचा आवाज मावशींचा. कुणाच्या सख्ख्या मावशी होत्या कोण जाणे, पण साऱ्या नाटकवाल्यांच्या त्या मावशी होत्या. एके काळी माईक नसताना शेवटच्या रांगेतल्या डुलकी घेणाऱ्याला जागं करीत. आता दोन वाक्यांत धाप लागायची. आधी नाटकं सुटली, मग निवेदनाची कामं. हे काम कानसेननेच सुचवलं होतं.

"मावशी, तुम्ही बाहुली करा. बाहुलीला कुठे फुप्फुसं असतात? श्वास येईल तो मी कापून टाकीन."

"वा! म्हणजे एवढ्या वर्षांनी माझ्या वयाला शोभणारी भूमिका मिळाली म्हणायची," मावशी हसल्या होत्या. मग काचेकडे पाठ करून हळूच म्हणाल्या होत्या, "पण माझी धाप कुणाला ऐकू जाऊ देऊ नकोस हं. लाज वाटते रे."

"कणभरही नाही," तो म्हणाला होता आणि तसा वागलाही होता. शहाणीचं एकेक वाक्य त्याने तांदूळ निवडावेत तसं निवडलं होतं.

शनिवारी प्रकाशनाच्या संपादकबाई ऐकायला आल्या. त्यांनी हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि थोड्याच वेळात उघडले.

"अहो कानसेन, हे काय आहे?"

"शहाणी."

"ही शहाणी नाही. ही लिफ्टमधली बाई आहे. 'कृपया दरवाजापासून दूर राहा.' पोरं घाबरायची राहतील बाजूला, तळमजल्याचं बटण शोधतील."

कानसेनला हसू आलं, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

"मावशींचा आवाज छानच आहे हो," बाई म्हणाल्या, "पण ती बाहुली तिथे नाहीच. कळतंय का मी काय म्हणतेय? नुसते शब्द आहेत, आणि शब्दांमागे कुणी नाही. सोमवारी परत ऐकते. नाही जमलं तर दुसरी एक मुलगी बघून ठेवली आहे, तिच्याकडून पहिल्यापासून करून घेऊ."

"मावशींना काय सांगू?"

"आत्ता काही सांगू नका. पण सोमवार म्हणजे सोमवार."

हे काम गेलं की मावशींना पुन्हा कुणी माईकसमोर बसवणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाई गेल्यावर कानसेनने कातरणांचा ट्रॅक उघडला. एखाददुसरा श्वास परत जोडला तर शहाणी थोडी जिवंत वाटेल का, हे पाहावं म्हणून त्याने बाकीचं सगळं बंद करून तो एकटा ट्रॅक चालू केला. तेवढ्यात वॉचमन खोली बंद करायला आला, आणि जे होतं ते तसंच लॅपटॉपमध्ये घेऊन कानसेन घरी निघाला.

वाटेत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मूल घाबरतं म्हणजे नेमकं कशाला घाबरतं? तो स्वतः लहानपणी बाहुल्यांना कधी घाबरला नव्हता. काळोखाला घाबरायचा, पण काळोख म्हणजे काही न दिसणं. आणि बाहुली तर चांगली डोळ्यांसमोर बसलेली असते, बटणांसकट. मग तिच्यात भ्यायचं ते काय?

घरी गेल्यावर त्याने बायकोला विचारलं, "तुला बाहुलीची भीती वाटायची का गं?"

"बाहुलीची कशाला वाटेल?" ती इस्त्री करता करता म्हणाली. "तिला सगळं माहीत असायचं आणि ती आईला जाऊन सांगेल, याची वाटायची."

हे उत्तर त्याला फार आवडलं. पण त्याचा आवाज कसा काढायचा, ते काही समजेना.

या विषयात त्यांच्या मुलीचा, चिमीचा, शब्द अखेरचा असे. भुताखेतांची पुस्तकं ती चघळायच्या गोळ्यांसारखी संपवी आणि वर नाक मुरडी. "बाबा, डोळे आपोआप उघडणं आता जुनं झालं," असं तिने त्याला मागेच बजावलं होतं. रविवारी सकाळी त्याने तिला सतरंजीवर बसवलं, हेडफोन दिले, पहिल्या प्रकरणापासून लावून दिलं आणि तो गच्चीवर कपडे वाळत घालायला गेला. ऐकताना समोर बाप बसला की मुलं खरं सांगत नाहीत, हा त्याचा अनुभव होता.

तो रिकामी बादली घेऊन परत आला तेव्हा चिमी तशीच बसून होती. एरवी एव्हाना ती उठून फ्रीज उघडून उभी असती. आज तिने गुडघे पोटाशी घेतले होते आणि ती भिंतीकडे बघत होती.

"काय गं, कुठपर्यंत आली गोष्ट?"

"श्श."

"अगं, सांग तरी. काय बोलतेय ती?"

"काहीच नाही. ती बोलतच नाहीये."

"बोलत नाहीये म्हणजे?"

"नुसती आहे."

त्याने एका बाजूचा हेडफोन आपल्या कानाला लावला. शांतता. मग एक श्वास. पुन्हा शांतता, आणि पुन्हा एक श्वास. काय घोटाळा झाला ते त्याच्या लगेच ध्यानात आलं. काल जो ट्रॅक एकटा चालू ठेवला होता, तोच वाजत होता. शब्द सगळे बंद. त्याने बटणाकडे हात नेला तर चिमीने त्याचं मनगट धरलं.

"बदलू नकोस ना, बाबा."

"चुकीचं लागलंय गं. यात गोष्टच नाहीये."

"आहे की. आधी ती खूप लांब होती. मग जरा इकडे आली. आता..." तिने हात मागे नेऊन आपल्या कानामागची हवा चाचपली. "आता इथे आहे."

कानसेनच्या हातावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्याला गंमतही वाटली. इतकी वर्षं जे कचरा म्हणून कापलं, त्यात ही बया बसली होती!

"भीती वाटतेय का तुला?"

चिमीने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. मला तिला बघायचंय. बाबा, ती मला शोधतेय की दुसऱ्या कुणाला?"

"झाली का तुमची भुतावळ?" आतून बायको ओरडली. "आत्ता म्हणेल भीती वाटत नाही आणि मग रात्री मला हाका मारेल. बाबांना मार म्हणावं हाका!"

दुपारभर तो कामाला लागला. शहाणीच्या वाक्यांना त्याने हात लावला नाही. ती तशीच कोरडी ठेवली. पण गोष्टीतली मुलगी एकटी असते, खिडकी लावते, दप्तर भरते, तिथल्या शांततेत त्याने ते श्वास एकेक करून ठेवले, ज्या प्रकरणातले त्याच प्रकरणात. बाहुलीचं नाव नाही, शब्द नाही, फक्त कुणीतरी आहे. मावशींना दिलेला शब्द त्याला आठवत नव्हता असं नाही. पण ऐकणाऱ्याला तो शहाणीचा श्वास वाटेल, मावशींचा नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. आणि काम वाचलं तर मावशी रागावणार तरी किती?

सोमवारी संपादकबाईंनी पुन्हा हेडफोन चढवले. या वेळी डोळे बराच वेळ मिटलेले राहिले. दाराशी बसलेल्या शहाणीचं प्रकरण आलं आणि त्यांनी झटकन मागे वळून पाहिलं. मागे रजई होती.

"अरे बापरे!" त्या छातीवर हात ठेवून हसल्या. "अहो, मी खरंच मागे बघितलं! मावशीच. बास. दुसरं कुणी नको. त्या मुलीला आत्ताच नाही म्हणून सांगते."

कानसेनचा चेहरा उजळला.

"पण एक सांगा," हेडफोन काढता काढता बाईंनी विचारलं, "ती अशी जवळ जवळ येत गेलीय, ते कसं जमवलंत? दर प्रकरणाला माईक थोडा थोडा पुढे सरकवलात ना?"

"हो..." तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही."

"मग?"

त्याने काचेतून पाहिलं. खुर्चीच्या पायांशी त्यानेच चिकटवलेली टेप होती. खुर्ची तिथून हलली नव्हती. मावशींच्या ओठांपासून माईक तो दर वेळी स्वतःच्या हाताने वीतभर मोजून लावी, पहिल्या दिवशीही आणि परवाही.

त्याने एकामागून एक प्रकरणं उघडली. प्रत्येकाच्या कडेला आवाज वाढवायची पट्टी होती, आणि दर प्रकरणात ती आधीच्यापेक्षा वर चढवलेली होती. चढवली त्यानेच होती. मावशींचे शब्द हळू येऊ लागले की बोटं आपोआप पट्टी वर ढकलत. सगळी वाक्यं सारख्या आवाजात यायला हवीत, हेच तर त्याचं काम. शब्द वर आले, तशी शब्दांमधली धापही वर आली. ती कापून त्याने खाली टाकली. एकेक श्वास त्याने ऐकला होता, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेवढ्यापुरता. आदला आणि आजचा शेजारी ठेवून कधी ऐकला नव्हता.

"अहो कानसेन? कसं केलंत?"

"काही केलं नाही," तो म्हणाला. "होत गेलं."

"लपवून ठेवा, ठेवा! पण शेवटच्या प्रकरणात अजून जवळ हवी हं. अगदी कानात," असं म्हणत बाई फोन लावत बाहेर पडल्या.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. मावशींची पावलं त्याला ओळखू येत, पण आज तो ती मोजल्यासारखी ऐकत बसला. दोनचार पायऱ्या, मग थांबणं. पुन्हा दोनचार. उतरतानासुद्धा.

"ती जिन्यातली पाटी वाचत होते," दारात येऊन त्या म्हणाल्या. पाटीवर 'जिन्यात सामान ठेवू नये' एवढंच लिहिलं होतं.

त्या खुर्चीत बसल्या, पदराने कपाळ टिपलं. "बाई वरून जाताना दिसल्या. काय म्हणाल्या? ठेवलंय का मला?"

"ठेवलंय. मावशीच, दुसरं कुणी नको, म्हणाल्या."

मावशींनी मान अशी काही ताठ केली, जणू शेवटची रांगही बघत असावी. "बघ! म्हातारी चालते अजून. आण तुझं ते प्रकरण. आज उशीशी यायचंय ना मला?"

कानसेनने माईक लावला नाही. दाराच्या खिळ्यावरची किल्ली काढून घेतली.

"आज नको, मावशी. आज आधी जरा बाहेर जाऊन येऊ. चौकात दवाखाना आहे, डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या आहेत."

"का रे? काय झालं? चिमी बरी आहे ना?"

"चिमी बरी आहे. काल तिने ऐकलं सगळं."

"अगं बाई! मग? भ्याली का शहाणीला?"

"तिला नाही वाटली भीती," कानसेन म्हणाला.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. तो नजर चुकवून पडद्याकडे बघू लागला, म्हणून त्यांनीही तिकडे पाहिलं. खालच्या ट्रॅकवर फुगवट्यांची रांग उघडी पडली होती, डावीकडे मुंग्यांएवढे आणि उजवीकडे जात जात अंगठ्याएवढे. ते काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. काढून ठेवलेलं घड्याळ उचलून त्यांनी पुन्हा मनगटावर बांधलं. बांधायला जरा वेळ लागला.

"वर चढायचंय म्हणजे," उठता उठता त्या म्हणाल्या, "हळू चल हं जरा."